बधिर करणारे द्रावण आणि हॉलस्टेड: डॉक्टरांच्या व्यसनाची पार्श्वभूमी

सप्टेंबर १८८४. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञ परिषदेत व्हिएन्नाचे डॉक्टर कार्ल कोलर यांचा शोध मांडला गेला: कोकेनचे थेंब घातले की डोळा बधिर होतो. न्यूयॉर्कमध्ये शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड आणि सहकाऱ्यांनी तेच द्रावण सुईने मज्जातंतूजवळ सोडून पाहिले, आधी स्वतःवर आणि एकमेकांवर. एखादा अवयव तेवढा बधिर करण्याचे तंत्र यातूनच आले. पण मज्जातंतूतला वेदनेचा संदेश अडवणारे कोकेन रक्तातून मेंदूत पोचले की तिथे डोपामिन हे सुखाची जाणीव देणारे रसायन साठू देते. तरतरी येते, थोड्या वेळात ओसरते आणि पुन्हा सुई हवीशी वाटते. तेव्हा धोक्याची जाण नव्हती. उलट मॉर्फिन या अफूपासूनच्या वेदनाशामकाचे व्यसन सोडवायला कोकेन देत. फ्रॉइड यांनी आपले मित्र फ्लाइशल यांना तसे दिले आणि एकाची दोन व्यसने झाली.

कोकेनचे व्यसन लागलेल्या हॉलस्टेड यांचे उलटे झाले. १८८६ मध्ये ते प्रॉव्हिडन्स शहरातल्या बटलर मनोरुग्णालयात दाखल झाले आणि कोकेनच्या जागी मॉर्फिन आले. पुढे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे मुख्य शल्यचिकित्सक म्हणून त्यांनी अमेरिकेतल्या शल्यशिक्षणाची घडी बसवली. तिथले त्यांचे सहकारी डॉक्टर विल्यम ऑस्लर यांची मोहोरबंद टिपणे १९६९ मध्ये उघडली, तेव्हा कळले की अनेक वर्षे हॉलस्टेड यांना दिवसाला तीन ग्रेन, म्हणजे सुमारे २०० मिलिग्रॅम मॉर्फिन लागत होते. वेदनेसाठी इंजेक्शनचा नेहमीचा डोस १० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. शरीर सरावले की गुंगी आणि मळमळ कमी होते; बद्धकोष्ठता आणि डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या मात्र राहतात. डोस वेळेवर मिळाला तर हात स्थिर, चुकला तर काही तासांत घाम, जुलाब, अस्वस्थता. म्हणूनच हे व्यसन वर्षानुवर्षे लपून राहू शकते.

१९७३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने व्यसनासारख्या आजारांनी ग्रासलेल्या डॉक्टरांचा प्रश्न उघडपणे मांडला. त्यातून उपचार आणि त्यानंतर अनेक वर्षे लघवीतपासणी अशी पद्धत रुजली. भूलतज्ज्ञांच्या हातात तोवर मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट तीव्र असे फेंटानिल हे वेदनाशामक आले होते. व्यसनात खंड पडल्यानंतर जुनाच डोस घेतला तर श्वास थांबतो, कारण मधल्या काळात सराव उतरलेला असतो.

भारतात पेंटाझोसिन या वेदनाशामकाची इंजेक्शने सहज हाताशी असल्याने व्यसनमुक्ती केंद्रांत डॉक्टर आणि परिचारिकाही येत राहिल्या. वारंवार टोचून दंड-मांडीचे स्नायू दगडासारखे घट्ट होतात, न भरणाऱ्या जखमा होतात. पूर्ण बाह्यांआड दडलेल्या या खुणा सहकाऱ्यांना बहुधा उशिरा दिसतात.