लाइव्ह २००४ (प्लँक्स्टी)

‘प्लँक्स्टी’ या आयरिश लोकसंगीताच्या बँडने २००४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत डब्लिनच्या व्हिकर स्ट्रीट सभागृहात मैफली केल्या, त्यांचे हे ध्वनिमुद्रण. त्याच वर्षी ते सीडी आणि डीव्हीडी अशा दोन्ही रूपांत आले. ख्रिस्टी मूर (गायन, गिटार, आणि बाउरॉन हे डफासारखे आयरिश चर्मवाद्य), डोनल लनी (बुझुकी हे तंतुवाद्य), अँडी अर्विन (गायन, मँडोलिन, बुझुकी) आणि लियम ओफ्लिन (इलन पाइप्स म्हणजे आयरिश बॅगपाइप, आणि व्हिसल ही छोटी बासरी) हे मूळचे चौघे त्यात वीस वर्षांहून अधिक काळानंतर पुन्हा एकत्र वाजवताना ऐकू येतात.

हे चौघे १९७२ मध्ये एकत्र आले. अंध वीणावादक टर्लो ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) आपल्या आश्रयदात्यांच्या गौरवासाठी ज्या धुना रची, त्यांतील अनेकींच्या नावात ‘प्लँक्स्टी’ हा शब्द येतो. बँडने तोच घेतला. १९७३ च्या पहिल्याच अल्बमने आयर्लंडमधल्या तरुणांना आपल्या आजी-आजोबांच्या संगीताकडे वळवले. १९७५ मध्ये बँड फुटला, १९७९ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि १९८३ नंतर पांगला. पुढे २००३ मध्ये क्लेअर परगण्यातल्या लिस्डूनवार्ना गावी, एका हॉटेलात, चौघे तालमीला बसले. तिथून एनिस आणि मग डब्लिन.

या बँडची घडण समजून घ्यायची तर दोन वाद्ये नीट पाहावी लागतात. इलन पाइप्स बसून वाजवतात. ‘इलन’ हा शब्द आयरिश भाषेतल्या कोपराच्या नावावरून आला. तोंडाने फुंकायचे नसते: उजव्या कोपराखालच्या भात्याने हवा भरायची, डाव्या कोपराखालची पिशवी दाबून ती नळ्यांत सोडायची. मुख्य नळीवर बोटे धून वाजवतात, तीन नळ्या तंबोऱ्यासारखा अखंड आधारस्वर धरतात, आणि आणखी तीन नळ्यांच्या चाव्या मनगटाच्या कडेने दाबल्या की स्वरसंगती उमटते. मुख्य नळीचे टोक मांडीवर टेकवून हवा अडवली की स्वर तुटक, टोकदार होतात. दुसरे वाद्य बुझुकी. ते ग्रीसचे, आयरिश संगीतात १९६० च्या दशकात आले. लनीने सपाट पाठीची बुझुकी घडवून घेतली आणि नुसता ठेका न धरता धुनेच्या खालून दुसरी धून चालवावी तशी तो ती वाजवू लागला.

या मुद्रणाचा गाभा म्हणजे ‘रॅगल टॅगल जिप्सी’ आणि त्याला जोडलेली ‘तूर दम दो लाव्ह’ ही जोडी. घरदार, परांची गादी सोडून भटक्यांबरोबर निघून गेलेल्या उमराव-पत्नीचे हे गाणे मूरला जॉन रायली या भटक्या जमातीतल्या गायकाकडून मिळाले. रायली १९६९ मध्ये वारला. दुसरी धून सतराव्या शतकातल्या रुअरी डाल ओ काहान या अंध वीणावादकाची मानली जाते. तिच्या नावाचा अर्थ ‘तुझा हात माझ्या हाती दे’. गाणे संपते, पण तारा थांबत नाहीत. बुझुकी आणि मँडोलिन एकमेकांभोवती फिरत राहतात आणि त्या विणीतून पाइप्स धून उचलतात. पहिल्या अल्बमची सुरुवातच या जोडीने होते, त्यामुळे व्हिकर स्ट्रीटच्या श्रोत्यांना तो सांधा तोंडपाठ होता. स्टुडिओत तो सुंदर होता. इथे त्याला वाट पाहणाऱ्या माणसांची साथ आहे.

‘आर्थर मॅकब्राइड’मध्ये नाताळच्या सकाळी फिरायला निघालेले दोन चुलतभाऊ सैन्यभरतीला आलेल्या हवालदाराला चोप देतात. अर्विन ते सावकाश, गोष्ट सांगावी तसे गातो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो बाल्कन देशांत भटकला होता. ‘द ब्लॅकस्मिथ’च्या शेवटाला जोडलेल्या वाद्यवादनात तिकडची चाल उतरली आहे. ‘लिटल मसग्रेव्ह’ हे दीर्घ कथागीत मूर एकाच चालीवर पेलतो, तेही कुठे अभिनय न करता. ‘द डार्क स्लेंडर बॉय’ हे संथ वादन एकट्या ओफ्लिनचे. मूळ आयरिश गाण्यातला ‘काळा सडपातळ पोरगा’ म्हणजे माणसाची पाठ न सोडणारी दारू. इथे शब्द नाहीत, तरी प्रत्येक स्वर किती धरायचा आणि कुठे सोडायचा हे गायकाच्या श्वासावरूनच ठरल्यासारखे वाटते.

चौघेही तेव्हा साठीच्या आसपास होते. १९७९ मध्ये जर्मनीत ब्रेमेन इथे ध्वनिमुद्रित झालेली त्यांची मैफल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती शेजारी ठेवून ऐकली तर २००४ चा आवाज जाडसर वाटतो. पण गाण्यातल्या माणसांशी ओळख जुनी झाली की जो ठहराव येतो, तो इथेच सापडतो.

२००५ च्या सुरुवातीला आणखी काही मैफली झाल्या. इलन पाइप्सच्या वादनपरंपरेला युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पुढच्याच मार्चमध्ये, १४ तारखेला, ओफ्लिनचे निधन झाले.