साहेबाचा पगार आणि घरच्यांची चैन
इंग्रज घरातला एक मुलगा ब्रिटिश फौजेत अधिकारी झाला की सगळं घर त्याच्या पगारावर चैन करायचं, असं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीबद्दल सर्रास सांगितलं जातं. बहुतेकदा उलटंच असे. १८७१ मध्ये हुद्दा विकत घेण्याची पद्धत बंद झाली खरी, पण गणवेश, मेसचं बिल, घोडदळात तर पोलोचे घोडेसुद्धा! कनिष्ठ अधिकाऱ्याच्या पगारात हे बसायचं नाही; भार घरच्यांवर. १८९६ मध्ये बंगळूरला आलेल्या विन्स्टन चर्चिललाही आईकडून पैसे यायचे. (आई स्वतः उधळी, तो भाग वेगळा.) तरुण अधिकाऱ्याचं लग्न पलटणीला रुचत नसे, त्यामुळे वाग्दत्त वधू ताटकळत राहायची. या अधिकाऱ्यांची हिंदुस्थानात जन्मलेली मुलं तर सहा-सात वर्षांची झाली की बोटीने विलायतेला, नातेवाइकांकडे नाहीतर पैसे घेऊन सांभाळणाऱ्यांकडे.