टाडा ते मकोका: पोलिसांपुढच्या कबुलीचा प्रवास

11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, काही मिनिटांच्या अंतराने बॉम्ब फुटले. माटुंगा रोडपासून मीरा रोडपर्यंत. कामावरून परतणारी 180 हून अधिक माणसं घरी पोहोचलीच नाहीत. 2015 मध्ये मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तोवर त्यातला एक जण तुरुंगातच वारला होता. एकोणीस वर्षांनी हे असं का झालं, याचा माग काढायचा तर कबुलीजबाबाच्या कायद्याकडे जावं लागतं.

कोठडीत मारून वदवून घेतात, हे इंग्रज सरकारलाही ठाऊक होतं. 1855 मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने ते कागदावर आणलं. पुढे 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 25 आलं: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. परक्या सरकारने घातलेली ही अट स्वतंत्र भारतानेही जपली.

पहिला मोठा अपवाद टाडा या दहशतवादविरोधी कायद्याने केला. पंजाब पेटलेला असताना, मे 1985 मध्ये, दोन वर्षांच्या मुदतीने हा कायदा आला. 1987 मध्ये तो नव्याने झाला आणि त्याच्या कलम 15 नुसार पोलीस अधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा ठरू लागली. कर्तारसिंग खटल्यात 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे कलम वैध ठरवलं, पण तीन विरुद्ध दोन मतांनी. के. रामस्वामी आणि आर. एम. सहाय या दोन न्यायमूर्तींना ते घटनाबाह्य वाटलं. मला विचाराल तर त्या दोघांचं खरं होतं. खांद्यावर एक तारा जास्त असला म्हणून कोठडीच्या भिंती बदलत नाहीत.

फेब्रुवारी 1995 मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्र यांनी खासदारांना पत्र लिहून टाडाला मुदतवाढ देऊ नका, असं सांगितलं. आयोग तेव्हा जेमतेम दीड वर्षाचा होता. मे महिन्यात कायदा संपला. 2002 मध्ये संसदेच्या संयुक्त अधिवेशनात पोटा हा नवा दहशतवादविरोधी कायदा मंजूर झाला. त्यात कबुलीचं कलम परत आलं, मात्र 48 तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याच्या अटीसह. संसद हल्ला खटल्यात असे संरक्षक नियम पाळले नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये कबुल्या बाजूला ठेवल्या. पोटा त्याआधीच, 2004 मध्ये रद्द झाला होता.

महाराष्ट्रात मात्र 1999 चा मकोका होता. मुळात टोळ्यांसाठी, खंडणी आणि सुपारीच्या गुन्ह्यांसाठी केलेला. त्याला टाडासारखी मुदत नाही. कलम 18 नुसार उपायुक्त दर्जाचा अधिकारी कबुली नोंदवतो. ती दंडाधिकाऱ्याकडे जाते आणि आरोपीने मारहाणीची तक्रार केली तर वैद्यकीय तपासणी होते. लोकल स्फोटांच्या खटल्याचा बराच भार याच कलमावर होता. उच्च न्यायालयाला वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांमध्ये सारखाच मजकूर आढळला. छळाच्या आरोपात तथ्य असल्याचंही त्याला दिसलं. गुन्हा उकलल्याचा खोटा आभास झाला, की समाज गाफील राहतो आणि खरा धोका मोकाट राहतो, अशा अर्थाचं न्यायालयाने लिहिलं. निकालातलं हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं, कारण त्यात मृतांच्या घरच्यांचीही बाजू आहे. माणूस गेला तो गेलाच, आणि कुणी मारलं तेही कळलं नाही.

तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही.

आज देशभर दहशतवादाविरुद्धचा मुख्य कायदा यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, आहे. त्यात पोलिसांपुढच्या कबुलीला जागा नाही. तिथली अडचण 2008 मध्ये आलेल्या जामिनाच्या कडक कलमाची. मकोकाचं कलम 18 अजून कायम आहे. आणि 1872 च्या त्या कलम 25 मधली मनाई 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आली आहे.