मेलानोमावरील डीएनए लस : कुत्र्यांना परवाना, माणसांना प्रतीक्षा

डिसेंबर २०२२ मध्ये मेलानोमावरच्या, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगावरच्या, एका एमआरएनए लसीचे निष्कर्ष जाहीर झाले. १५७ रुग्णांच्या चाचणीत, नुसत्या इम्युनोथेरपीपेक्षा (प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचारापेक्षा) लसीच्या जोडीने दिलेल्या उपचारात आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. बातम्यांमध्ये तेव्हापासून एमआरएनए आणि डीएनए यांची सरमिसळ सुरू आहे. डीएनए लसींची वाट निराळी आणि बरीच जुनी आहे.

१९९० साली उंदराच्या स्नायूत नुसता प्लाझ्मिड डीएनए (हवे ते जनुक बसवलेले डीएनएचे छोटे कडे) टोचला तर तिथल्या पेशी त्यावरून प्रथिन बनवतात, असे दिसले. १९९३ मध्ये असा डीएनए देऊन उंदरांना फ्लूपासून वाचवता आले. याच सुमारास मेलानोमाच्या पेशींवरची एकेक खूण सापडत होती : टायरोसिनेज, जीपी१००, टीआरपी-२. रंगद्रव्य तयार करण्याशी संबंधित ही प्रथिने गाठीत असतात, तशीच निरोगी रंगपेशींतही असतात. उपचाराला चांगला प्रतिसाद देणाऱ्या काही रुग्णांच्या अंगावर कोड उठायचे, ते यामुळेच. पण प्रथिन घरचेच असल्याने प्रतिकारशक्ती त्याच्या वाटेला सहसा जात नाही. त्यावर तोड निघाली ती अशी, की दुसऱ्या प्राण्याचे तेच जनुक द्यायचे. ते इतके सारखे की निशाणा चुकत नाही, आणि इतके वेगळे की परके वाटावे.

माणसाला उंदराचे जनुक आणि कुत्र्याला माणसाचे. यातला दुसरा प्रयोग पुढे गेला. कुत्र्यांच्या तोंडात होणारा मेलानोमा अत्यंत आक्रमक असतो आणि केमोथेरपीला फारशी दाद देत नाही. न्यूयॉर्कमध्ये ९ कुत्र्यांना मानवी टायरोसिनेजचा प्लाझ्मिड दिला गेला. २००३ मध्ये छापलेल्या निष्कर्षात त्यांचे मध्यक आयुर्मान ३८९ दिवस होते. अशा अवस्थेतल्या कुत्र्याच्या हाती एरवी काही महिनेच असत. २००७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने या लसीला सशर्त परवाना दिला आणि २०१० च्या आरंभी पूर्ण परवान्याची घोषणा झाली. दर दोन आठवड्यांनी एक असे चार डोस आणि मग दर सहा महिन्यांनी बूस्टर, तेही सुईविना, दाबाने त्वचेतून आत सोडलेले.

वाद आहे तो या परवान्याचा. आणि त्याच्या मुळाशी एक शब्द आहे : लस.

अमेरिकेत जनावरांचे औषध एका खात्याकडे जाते आणि जनावरांची लस दुसऱ्या. ही 'लस' म्हणवली गेली, म्हणून ती कृषी खात्याच्या दारात आली. तिथे सशर्त परवान्यासाठी सुरक्षितता आणि शुद्धता दाखवावी लागते, पण परिणामकारकतेबाबत 'वाजवी अपेक्षा' पुरते. साथीच्या रोगांसाठी ही सवलत समजण्यासारखी आहे, कारण गोठ्यात रोग शिरल्यावर वर्षानुवर्षांच्या चाचण्यांची वाट पाहता येत नाही. इथे मात्र रोग आधीच झालेला होता, गाठ काढलेली होती आणि प्रश्न आयुष्य किती लांबते याचा होता. म्हणजे काम औषधाचे आणि पाटी लसीची. पाटीवर औषध असते तर दार बदलले असते, आणि बहुधा चाचणीही.

कारण चाचणीतली तुलना कच्ची होती. २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात लस दिलेले ५८ कुत्रे होते आणि तुलनेला ५३, पण हे ५३ जुन्या नोंदींमधले. चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नव्हते. दरम्यान शस्त्रक्रिया आणि किरणोपचार सुधारले असतील, तर त्याचे श्रेयही लसीच्याच खात्यात जमा होते. २०१३ मध्ये दुसऱ्या एका गटाने आपल्या नोंदी तपासल्या, तेव्हा लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या कुत्र्यांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. अर्थात तो अभ्यासही जुन्या नोंदींचा आणि लहानच. त्यावरून लस निकामी ठरत नाही. पण परवाना मिळाल्यावर यादृच्छिक चाचणीची निकड संपली, हे नुकसान मोठे. पशुवैद्य आजही मालकाला 'अपाय नाही, उपयोग होईल कदाचित' यापलीकडे खात्रीने काही सांगू शकत नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र गाळणी बारीक होती. २००४ मध्ये एका अमेरिकी संस्थेने आपल्याच ४४० कर्करोग रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांना सगळ्या प्रकारच्या मिळून ५४१ लसी दिल्या होत्या आणि गाठ आकसण्याचे प्रमाण होते २.६ टक्के. उंदराच्या मानाने माणसाच्या पेशींत डीएनए फार कमी शिरतो, ही मुख्य अडचण. त्यासाठी विजेचे सूक्ष्म झटके देऊन पेशींचे पडदे क्षणभर उघडण्याची युक्ती आली. २०१३ मध्ये थेट गाठीत टोचायचे एक प्लाझ्मिड शेवटच्या टप्प्यातील चाचणीत केमोथेरपीपेक्षा सरस ठरले नाही. तेही 'लस' म्हणायचे की जीन थेरपी, यावर एकमत नव्हतेच. तोवर २०११ पासून प्रतिकारशक्तीचे ब्रेक सोडवणारी औषधे आली होती, आणि एकट्या लसीत कोणाला रस उरला नाही.

माणसांसाठी पहिल्या डीएनए लसीला मान्यता मिळाली ती भारतात, ऑगस्ट २०२१ मध्ये, पण कोविडसाठी. अहमदाबादची, तीन डोसांची, सुईविना दिली जाणारी. आपल्याकडे मेलानोमा मुळात कमी, आणि झाला तर बरेचदा तळपायाला किंवा नखाखाली, जिथे उन्हाचा संबंध नाही. त्यामुळे मेलानोमाच्या चाचण्या प्रामुख्याने गोऱ्या लोकसंख्येच्या देशांतच होतात. ब्रिटनमध्ये जीपी१०० आणि टीआरपी-२ चे अंश असलेली डीएनए लस एका चाचणीत ब्रेक सोडवणाऱ्या दोन औषधांच्या जोडीने दिली गेली. विजेचे झटके मागे पडून तिथेही सुईविना यंत्र आले आहे. आणि सुरुवातीला सांगितलेल्या एमआरएनए लसीच्या उत्पादकाने तिच्या नावातून 'लस' हा शब्दच काढून तिथे 'थेरपी' घातला आहे.