बोदोनी (मुद्राक्षर)

बोदोनी : जाड आणि बारीक रेघांतील टोकाच्या फरकासाठी ओळखले जाणारे रोमन लिपीचे सेरिफ (रेघांच्या टोकांना छोट्या आडव्या रेघा असलेले) मुद्राक्षर. इटालियन मुद्रक जांबात्तिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) यांनी ते अठराव्या शतकाच्या अखेरीस पार्मा येथे घडवले.

बोदोनी हे मुद्रकाचेच पुत्र. तरुणपणी रोममधील प्रोपागांदा फीदे या धर्मप्रचार संस्थेच्या छापखान्यात त्यांनी खिळे जुळवले आणि तेथील पौर्वात्य लिपींचे पंच (खिळ्यांचे साचे करण्यासाठी अक्षर कोरलेले पोलादी ठसे) साफ करून लावून ठेवले. (याच छापखान्याने पुढे १७७१ मध्ये देवनागरीची ओळख करून देणारे पुस्तक सुट्या देवनागरी खिळ्यांनिशी छापले, बोदोनी तोवर तेथून गेले होते.) १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकने आपला छापखाना त्यांच्या हाती दिला. आरंभी ते फ्रान्सचे अक्षरकार फूर्निये यांचे खिळे वापरत. इंग्लंडचे मुद्रक बास्करव्हिल आणि पॅरिसचे दिदो हे मुद्रक घराणे यांच्या कामाकडे पाहत त्यांचे स्वतःचे अक्षर हळूहळू घडत गेले.

हे वळण समजण्यासाठी बोरूने लिहिलेले अक्षर आठवावे. कापलेले टोक एकाच कोनात धरल्यामुळे रेघेची जाडी तिरकस बदलत जाते. जुन्या रोमन टंकांतही रुंद टोकाच्या लेखणीचा असाच तिरपा ताण दिसतो. बोदोनीत तो सरळ उभा झाला. ‘ओ’ अक्षर दोन्ही बाजूंना भरदार, तर वर आणि खाली केसाएवढे बारीक. सेरिफही तशाच बारीक, सपाट; अक्षराच्या खांबाला, म्हणजे जाड उभ्या रेघेला, त्या जवळजवळ काटकोनात मिळतात. अशी रेघ उमटायला गुळगुळीत कागद, चांगली शाई आणि पानावर सढळ मोकळी जागा लागते. बोदोनींच्या पुस्तकांतले रुंद समास म्हणूनच अक्षराचाच भाग वाटतात.

मासिकांची शीर्षके, मुखपृष्ठे, अत्तरांची वेष्टने, निमंत्रणे येथे हे अक्षर शोभते. (‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या नावाचे अक्षर अनेकदा बोदोनी समजले जाते, ते दिदोच्या वळणाचे आहे.) बारीक मजकुरात मात्र उभे खांब कुंपणासारखे दिसू लागतात, रेघा विरतात आणि डोळा थकतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे छापली, तर शाई पसरून बारीक रेघा बुजतात.

हा दोष मूळ अक्षराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. बोदोनींनी प्रत्येक मापाचे पंच वेगळे कोरले होते. त्यांच्या पत्नी मार्गेरिता यांनी १८१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या नमुनाग्रंथात रोमन अक्षरांचेच १४० हून अधिक संच आहेत आणि लहान मापांत रेघा मुद्दाम दणकट आहेत. एकच आराखडा सर्व मापांना ताणण्याची सवय पुढची. १९२६ मध्ये हाइन्रिख योस्ट यांनी जर्मनीत केलेली आवृत्ती देखणी, पण मोठ्या मापातच खुलणारी. आयटीसी या मुद्राक्षर कंपनीच्या १९९४ च्या ‘आयटीसी बोदोनी’त ६, १२ आणि ७२ पॉइंटांसाठी (पॉइंट हे अक्षराच्या मापाचे एकक) तीन स्वतंत्र आराखडे आले. ते करणारे आरेखक आधी पार्म्याला गेले आणि तेथील बोदोनी संग्रहालयात मूळ साहित्य पाहून मगच त्यांनी काम हाती घेतले.