फर्मवेअर क्रॅश आणि कर्नलवरचा डाग

संगणकातल्या किंवा मोबाइलमधल्या एखाद्या उपकरणाचे आतले सॉफ्टवेअर कोसळले की ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, ते टिपून ठेवतो आणि बाहेर कळवतो. ते कसे, याची ही नोंद मुख्यतः लिनक्सपुरती आहे.

वाय-फाय कार्ड, ग्राफिक्स कार्ड, मोडेम यांच्या पोटात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्यावर चालणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. लिनक्समध्ये तो बऱ्याचदा ‘/लिब/फर्मवेअर’ या फोल्डरात फाइल म्हणून पडलेला असतो. ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा कर्नलचा भाग, सुरू होताना ती फाइल उचलून कार्डात चढवतो. त्याचा सोर्स कोड सहसा कार्ड बनवणाऱ्या कंपनीखेरीज कोणाकडे नसतो. भानगड इथेच सुरू होते. चूक कार्डाच्या आत होते आणि बोल कर्नलला लागतो.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की संगणकाची प्रत्येक तक्रार उन्हाच्या नावावर जमा होते. धुळ्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक लॅपटॉप काउंटरवर ठेवते आणि ‘नेट बंद पडी गयं’ एवढेच सांगते. अहिराणीतले हे वाक्य अगदी खरे असते, पण त्यातून राउटर बंद होता, ड्रायव्हर अडकला की कार्डातले फर्मवेअर मेले, हे कळत नाही. ते कर्नलला विचारावे लागते.

कर्नलला तरी ते कसे कळते? कधी फर्मवेअर मरता मरता इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारा इशारा, पाठवून जाते. कधी ड्रायव्हर हुकूम देतो आणि ठरलेल्या वेळेत उत्तर येत नाही. काही उपकरणे चालू असल्याची खूण म्हणून एक आकडा वाढवत राहतात. तो थांबला की समजायचे. पीसीआय एक्स्प्रेस या मदरबोर्डवरच्या जोडणीवरचे कार्ड पार गप्प झाले, तर त्याच्याकडून वाचलेला प्रत्येक बिट १ येतो. मग ड्रायव्हर कार्ड रिसेट करतो, फर्मवेअर पुन्हा चढवतो, वाय-फाय असेल तर जोडणीची माहिती नव्याने भरतो. सगळे जमले तर वापरणाऱ्याला व्हिडिओ क्षणभर अडल्यासारखा वाटतो, इतकेच. कर्नलच्या लॉगमध्ये मात्र ओळ पडते. एटीएच-१०के या वाय-फाय ड्रायव्हरची ओळ तर ‘फर्मवेअर क्रॅश्ड!’ अशी उद्गारचिन्हासकट येते, आणि तिच्यासोबत त्या क्रॅशचा ओळख क्रमांक आणि रजिस्टरांचे आकडे असतात.

लॉगची ओळ वाहून जाते. टिकतो तो डाग. इंग्रजीत त्याला टेन्ट म्हणतात. केळीच्या बागेत घड उतरवताना सदऱ्यावर चीक पडला तर तो डाग धुण्याने जात नाही, हे रावेर-यावलकडच्या माणसाला सांगायला नको. कर्नलचा डागही तसाच असतो, रीबूट केल्याशिवाय जात नाही. ‘/प्रॉक/सिस/कर्नल/टेन्टेड’ या फाइलमध्ये तो एका आकड्याच्या रूपात दिसतो. त्या फाइलमध्ये लिहून नवा डाग लावता येतो, लागलेला पुसता येत नाही. समजा आकडा ४६०९ आला. प्रत्येक डागाची किंमत ठरलेली असते आणि हा आकडा म्हणजे त्यांची बेरीज. ती फोडली की १, ५१२ आणि ४०९६ मिळतात. १ म्हणजे बंदिस्त परवान्याचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा सुटा तुकडा, चढले होते (अक्षर पी), ५१२ म्हणजे कर्नलने कधीतरी इशारा दिला होता (डब्ल्यू), ४०९६ म्हणजे मूळ कर्नलबाहेरचे मॉड्यूल आले होते (ओ). कर्नल कोलमडला की हीच अक्षरे त्याच्या अहवालात छापून येतात, आणि तक्रार वाचणारा डेव्हलपर बहुधा आधी तिकडेच नजर टाकतो.

या यादीत ‘आय’ हे अक्षर आहे, किंमत २०४८. अनेकजण ते उपकरणाच्या फर्मवेअर क्रॅशचे समजतात. ते मदरबोर्डच्या, म्हणजे बायोसच्या बाजूच्या फर्मवेअरमधल्या गंभीर चुकीला वळसा घालावा लागला याची खूण आहे. कार्डातल्या फर्मवेअरशी त्याचा संबंध नाही.

उपकरणाच्या फर्मवेअर क्रॅशसाठी वेगळा डाग असावा, असा प्रस्ताव कर्नल डेव्हलपर लुईस चेंबरलेन यांनी मे २०२० मध्ये मांडला. फर्मवेअर कोसळल्यावर कार्ड कसेही वागू शकते. नंतर येणारी तक्रार वाचणाऱ्याला आधी काय घडले ते कळायला हवे, हा त्यामागचा विचार. विरोधही तितकाच रोखठोक होता. वाय-फायचे फर्मवेअर पडते आणि ड्रायव्हर ते उठवतो, हा रोजचा व्यवहार. सावरलेल्या एका घटनेसाठी रीबूटपर्यंत अख्ख्या कर्नलवर डाग कशाला? शिवाय कोणते कार्ड, कितव्यांदा, का, हे एका बिटात मावत नाही. प्रस्ताव मूळ कर्नलमध्ये गेला नाही. प्रस्तुत लेखकाला विरोधकांचे पटते, तरी ज्याला दुसऱ्याच्या कोसळण्याचे खापर झेलावे लागते त्याची चिडचिडही समजते.

एका बिटापेक्षा जास्त सांगणाऱ्या वाटा वेगळ्या आहेत. कर्नल डेव्हलपर योहानेस बेर्ग यांनी २०१४ मध्ये आणलेल्या डेव्हकोअरडम्पमधून ड्रायव्हर कार्डाच्या मेमरीची प्रत, म्हणजे डम्प, कर्नलकडे सोपवतो. ती सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे, फाइल म्हणून दिसते आणि कोणी उचलली नाही तर पाच मिनिटांनी नाहीशी होते. त्यात खासगी माहिती असू शकते, म्हणून ही सोय पूर्ण बंदही करता येते. नेटवर्क कार्डांसाठी २०१९ पासून डेव्हलिंक हेल्थ आहे: किती वेळा बिघडले, किती वेळा सावरले, याचा हिशेब ते उपकरणागणिक ठेवते.

मोबाइल आणि एम्बेडेड (यंत्रांत बसवलेल्या) चिपांमध्ये रिमोटप्रॉक ही यंत्रणा भेटते; मोडेमसारखे जोडीचे प्रोसेसर ती सांभाळते. तिच्या ‘स्टेट’ फाइलमध्ये ‘रनिंग’च्या जागी ‘क्रॅश्ड’ असा सरळ शब्द येतो. मोडेम असा कोसळून उठला की रेंजच्या काड्या जातात आणि थोड्या वेळाने परत येतात. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या वाटेवर हे घडले तर कोणालाही संशय येत नाही. तिथे रेंज डोंगरामुळे एरवीही जाते.

विंडोजमध्ये ग्राफिक्स कार्ड अडकले तर व्हिस्टापासून एक पहारेकरी काम करतो. कार्डाने सामान्यतः दोन सेकंदांत काम सोडले नाही की तो त्याला रिसेट करतो. सावरल्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाने सापडते.

या सगळ्याला दुकानातली पहिली सूचना आडवी येते: ‘एकदा बंद करून चालू करा.’ नेट बहुधा सुरू होतेही. पण डाग शून्यावर येतो, डम्प असलाच तर जातो, आणि लॉग डिस्कवर साठवण्याची सोय नसेल तर उद्गारचिन्हाची ती ओळही जाते. दोन दिवसांनी गिऱ्हाईक पुन्हा काउंटरवर, तेच वाक्य घेऊन.