‘रॉबर्ट सी. प्रिंगल’: मिशिगन सरोवरातील एका लाकडी टगची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील शेबॉयगन शहरासमोर, मिशिगन सरोवराच्या तळाशी सुमारे 90 मीटर खोलीवर ‘रॉबर्ट सी. प्रिंगल’ ही लाकडी टग, म्हणजे इतर जहाजे ओढून नेणारी छोटी, दणकट बोट, सरळ उभी आहे. जून 1922 मध्ये ती बुडाली आणि 2008 मध्ये सापडली.

या टगचा धंदा समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशिगनसह उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांवरील धान्य, इमारती लाकूड आणि लोहखनिज यांची बरीच वाहतूक शिडाच्या जहाजांतून होई. खुल्या सरोवरात वाऱ्यावर भागत असे. पण ह्यूरन आणि ईरी सरोवरांना जोडणाऱ्या सेंट क्लेअर व डेट्रॉइट या नद्यांच्या अरुंद पात्रात, प्रवाहाविरुद्ध, शीड निरुपयोगी ठरे. नदीच्या तोंडाशी वाफेवर चालणाऱ्या टग गिऱ्हाइकाची वाट पाहत थांबत, कप्तानांमध्ये दराची घासाघीस होई, आणि मग पाच-सहा जहाजे एकामागे एक दोराने जोडून टग त्यांना वर ओढून नेई.

टगचा सांगाडा म्हणजे जवळजवळ बॉयलर आणि इंजिन यांभोवती बांधलेली ओकच्या लाकडाची पेटीच. ओढण्याचा दोर ज्या खुंट्याला बांधतात तो अगदी मागच्या टोकाला नसतो, मध्याच्या थोडा मागे असतो, कारण दोर टोकाला बांधला तर टगला वळताच येत नाही. मात्र हाच दोर आडवा ताणला गेला तर टग कलंडून क्षणात उलटते. म्हणून तो तत्काळ सोडता किंवा तोडता येणे हा खलाशांच्या जिवाचा प्रश्न असे.

‘प्रिंगल’ जन्मतः टग नव्हती, हे मला तिच्या कहाणीत विशेष वाटते. 1903 मध्ये मॅनिटोवॉक येथील बर्गर अँड बर्गर यांच्या गोदीत ती प्रवासी व माल वाहणारी आगबोट म्हणून बांधली गेली आणि सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावरील उपसागरावरून तिचे नाव ‘चेक्वामेगन’ ठेवले गेले. अशा छोट्या आगबोटींचे उतारू पुढे रेल्वे आणि मोटारींकडे वळले. लाकडी बोट मोडीत काढण्यापेक्षा तिच्याकडून दुसरे काम करून घेणे मालकांना परवडे. त्याप्रमाणे 1910 च्या दशकात ती नव्या नावाने टग झाली.

1922 च्या त्या फेरीत ती ‘व्हेनेझुएला’ हे जहाज ओढत असताना पाण्यातील कशावर तरी आदळली आणि बुडाली. सुदैवाने माणसे वाचली. त्या ठिकाणची खोली पाहता खडक किंवा वाळूचा बांध संभवत नाही. अर्धवट बुडून तरंगणाऱ्या ओंडक्याचा संशय मात्र स्वाभाविक आहे, कारण लाकूडतोडीच्या काळात असे ओंडके सरोवरांत जागोजागी सुटलेले असत.

धंद्यातून बाद झालेल्या बहुतेक लाकडी टग जळाल्या, कुजल्या किंवा इंजिन काढून घेऊन टाकून दिल्या गेल्या. ‘प्रिंगल’ तळाशी टिकली, कारण खोलवर पाणी बाराही महिने जेमतेम 4 अंशांचे असते आणि लाकूड पोखरणारी खाऱ्या पाण्यातील कीड गोड्या पाण्यात जगत नाही. शेबॉयगनसमोरील हा पट्टा 2021 पासून राष्ट्रीय सागरी अभयारण्यात येतो. बाहेरून आलेल्या क्वाग्गा शिंपल्यांना मात्र ही हद्द लागू नाही. मिशिगन सरोवरातील बुडालेल्या जहाजांवर त्यांचे थरावर थर चढत आहेत.